भूचुंबकीय क्षेत्रातील बदल आणि मानवी आरोग्य

भूचुंबकीय क्षेत्रातील बदल आणि मानवी आरोग्य हा भूभौतिकी, जीवभौतिकी आणि साथरोगशास्त्र या तीन शास्त्रांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर नसते. ते दिवसभरात किंचित बदलते, सौरवादळांच्या वेळी काही तास ते काही दिवस विचलित होते आणि लाखो वर्षांच्या कालावधीत त्याचे ध्रुव उलटतात. या बदलांचा हृदय, मेंदू, झोप व रक्ताभिसरण यांच्यावर परिणाम होतो का, याचा शोध विसाव्या शतकापासून घेतला जात आहे. काही अभ्यासांत भूचुंबकीय वादळे आणि हृदयविकार किंवा पक्षाघात यांच्यात सांख्यिकीय संबंध आढळला, तर काहींत तो आढळला नाही. अशा संबंधामागची सर्वमान्य जैविक यंत्रणा सिद्ध झालेली नाही.

महाराष्ट्रात या विषयाशी संबंधित महत्त्वाची सामग्री उपलब्ध आहे. मुंबईतील कुलाबा येथील वेधशाळेच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासूनच्या आणि रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथील नोंदी इ.स. १९०४ पासूनच्या आहेत, तर पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात मोरगाव येथे चुंबकीय ध्रुव उलटे असतानाच्या काळातील मानवी वस्तीच्या खुणा नोंदवल्या गेल्या आहेत. या लेखात बारामती व इंदापूर या तालुक्यांचा परिसर उदाहरण म्हणून घेतला आहे.

स्वरूप व परिमाण

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर बाह्य गाभा सुरू होतो. तेथील द्रवरूप लोह व निकेल यांच्या अभिसरणामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांतून भूचुंबकीय क्षेत्राचा मुख्य भाग तयार होतो. या क्षेत्राची तीव्रता नॅनोटेस्ला या एककात मोजतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ती साधारण २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला एवढी असते.

बारामती आणि इंदापूर ही गावे सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. या पट्ट्यात एकूण तीव्रता साधारण ४२,००० ते ४३,००० नॅनोटेस्ला असते. हा प्रदेश चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे क्षेत्राची दिशा बरीचशी आडवी असते. मोकळी टांगलेली चुंबकसूची येथे क्षितिजाच्या खाली सुमारे २५ अंशांनी झुकते. ध्रुवीय प्रदेशात ती जवळजवळ उभी राहते.

क्षेत्रातील बदलांचे ढोबळ मानाने चार प्रकार केले जातात.

दैनंदिन बदल: सूर्यप्रकाशामुळे आयनांबरात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे शांत दिवशीही क्षेत्रात काही दशक नॅनोटेस्लांचा चढउतार होतो.

भूचुंबकीय वादळे: सूर्यापासून बाहेर फेकले गेलेले विद्युतभारित द्रव्य पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळल्यास पृथ्वीभोवतीचा वलयप्रवाह बळावतो. त्यामुळे महाराष्ट्रासारख्या कमी अक्षांशांच्या प्रदेशात क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक घटतो. मोठ्या वादळात ही घट काहीशे नॅनोटेस्ला असते.

दीर्घकालीन बदल: गाभ्यातील प्रवाह बदलत असल्याने दिशा व तीव्रता दशकानुदशके सरकत राहतात. इ.स. १८४० च्या सुमारास पद्धतशीर मोजणी सुरू झाल्यापासून पृथ्वीच्या द्विध्रुवी क्षेत्राची ताकद सुमारे ९ टक्क्यांनी घटली आहे.

ध्रुवपालट: चुंबकीय उत्तर आणि दक्षिण ध्रुवांची अदलाबदल. शेवटचा पूर्ण पालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाला.

महाराष्ट्रातील नोंदी

कुलाबा वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीने इ.स. १८२६ मध्ये केली. तेथे १८४० च्या दशकात चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक तेजस्वी ज्वाला पाहिली आणि त्यानंतर एका दिवसाच्या आत पृथ्वीवर ज्ञात इतिहासातील सर्वांत तीव्र वादळांपैकी एक वादळ आले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी उपकरणांवर डोळ्यांनी वाचून केलेल्या नोंदींत क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे दिसते. इ.स. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना, शोभना अलेक्स आदींनी या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या वादळाच्या कमी अक्षांशांवरील नोंदींत कुलाब्याची नोंद विशेष महत्त्वाची मानली जाते.

मुंबईत विजेवर चालणारी ट्राम सुरू होणार असल्याने तिच्या विद्युतप्रवाहामुळे सूक्ष्म मापन बिघडण्याची शक्यता निर्माण झाली. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय निरीक्षणे इ.स. १९०४ पासून अलिबाग येथे हलवण्यात आली. इ.स. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय नवी मुंबईलगत नवीन पनवेल येथे असून अलिबागची वेधशाळा तिच्या अखत्यारीत आहे. बारामती अलिबागपासून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर आणि इंदापूर सुमारे २३५ किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशपट्ट्यात असल्यामुळे अलिबागला नोंदवलेल्या वादळाचे सर्वसाधारण स्वरूप या दोन तालुक्यांनाही लागू पडते.

स्थानिक पातळीवरील तुलना

भूचुंबकीय वादळाचा शरीरावरील संभाव्य परिणाम तपासताना त्या बदलाचे प्रमाण लक्षात घ्यावे लागते. इ.स. १८५९ सारख्या अपवादात्मक वादळातील १,६०० नॅनोटेस्लांची घट ही या प्रदेशातील क्षेत्राच्या सुमारे ४ टक्के होते. ५०० नॅनोटेस्लांची घट घडवणारे वादळही मोठे समजले जाते आणि ती घट जेमतेम १.२ टक्के भरते.

याउलट दौंडहून रेल्वेने जम्मूला जाणारा प्रवासी दीड-दोन दिवसांत सुमारे ७,००० नॅनोटेस्लांनी अधिक तीव्र क्षेत्रात पोहोचतो. बारामती व इंदापूर यांचा भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. स्थानिक भाषेत काळा पाषाण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्यामुळे अशा माळरानावर थोड्या अंतरातच क्षेत्राची तीव्रता शेकडो नॅनोटेस्लांनी बदलू शकते. रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचे क्षेत्र सामान्यतः १.५ किंवा ३ टेस्ला असते. १.५ टेस्लाचे यंत्र या परिसरातील नैसर्गिक क्षेत्राच्या सुमारे ३५,००० पट तीव्र असते.

या तुलनेने क्षेत्राच्या तीव्रतेतील बदल हेच आजाराचे थेट कारण असल्याचा दावा दुबळा ठरतो. मात्र वादळातील क्षेत्र ठरावीक वारंवारतांनी हेलकावत असते आणि शरीर त्या हेलकाव्यांना प्रतिसाद देत असावे, असा युक्तिवाद काही संशोधक करतात. त्यामुळे केवळ तीव्रतेच्या तुलनेवरून प्रश्न पूर्णपणे निकालात निघत नाही आणि प्रत्यक्ष रुग्णांच्या अभ्यासांकडे वळावे लागते.

रुग्णांवरील अभ्यास

सूर्यावरील घडामोडी आणि साथीचे रोग यांचा संबंध जोडण्याचा प्रयत्न सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर चिझेव्हस्की यांनी १९२० च्या दशकात केला. इ.स. १९६३ मध्ये हॉवर्ड फ्रीडमन, रॉबर्ट बेकर आणि चार्ल्स बॅकमन यांनी मनोरुग्णालयांतील दाखल्यांचा भूचुंबकीय हालचालींशी संबंध असल्याचे मांडले.

या विषयावरील बहुचर्चित अभ्यासांपैकी एक भारतातील आहे. स्टुअर्ट मालिन आणि बी. जे. श्रीवास्तव यांनी हैदराबाद व सिकंदराबाद येथील रुग्णालयांत इ.स. १९६७ ते १९७२ या काळात दाखल झालेल्या तातडीच्या हृदयरुग्णांची दैनंदिन संख्या भूचुंबकीय हालचालींच्या निर्देशांकाशी ताडून पाहिली. त्यांना या दोहोंत ठळक सहसंबंध आढळला आणि त्यांचा लेख इ.स. १९७९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी १९७६ मध्ये अमेरिकेतील हृदयविकार व पक्षाघात यांमुळे झालेल्या मृत्यूंच्या आकडेवारीत असा संबंध मिळाला नव्हता. १९७९ मध्येच ब्रिटनमधील आकडेवारीवर झालेल्या तपासणीतही हैदराबादच्या निष्कर्षाला दुजोरा मिळाला नाही.

इ.स. २०१४ मध्ये व्हॅलेरी फीगिन आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स आणि स्वीडन येथील ११,४५३ पक्षाघातग्रस्तांच्या नोंदी तपासल्या. भूचुंबकीय वादळाच्या दिवशी पक्षाघाताचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी वाढलेला त्यांना आढळला. बोस्टन परिसरातील ज्येष्ठ पुरुषांच्या अभ्यासात वादळी दिवसांत हृदयगतीच्या परिवर्तनशीलतेत घट नोंदवली गेली. हे प्रदेश मध्यम किंवा उच्च अक्षांशांवर आहेत आणि तेथे वादळाचे स्वरूप महाराष्ट्रापेक्षा वेगळे असते. त्यामुळे हे निष्कर्ष बारामती किंवा इंदापूरच्या लोकसंख्येला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

निष्कर्षांतील अडचणी

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तत्त्व या विषयात विशेष महत्त्वाचे ठरते. भूचुंबकीय वादळांचे प्रमाण मार्च व सप्टेंबर या विषुवदिनांच्या महिन्यांत अधिक असते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात मार्चमध्ये उन्हाची तीव्रता वाढू लागते आणि सप्टेंबर हा पावसाळी आजारांचा काळ असतो. ऋतुमानाचा प्रभाव वेगळा न काढता केवळ रुग्णसंख्या आणि वादळे एकमेकांशेजारी मांडली, तर उष्म्याचा किंवा साथीचा परिणाम चुंबकीय क्षेत्राच्या नावावर जमा होऊ शकतो.

दुसरी अडचण सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राची आहे. सहा-सात वर्षांच्या नोंदींत या चक्राचा जेमतेम अर्धा भाग येतो. त्याच काळात रुग्णालयाच्या खाटा वाढल्या, रस्ते सुधारले किंवा निदानाच्या सोयी आल्या, तर रुग्णसंख्येतील वाढ सौरचक्राशी योगायोगाने जुळू शकते. तिसरी अडचण अनेक निर्देशांक, अनेक आजार आणि वादळानंतरचे अनेक दिवस तपासण्याची. शंभर जोड्या तपासल्यास त्यांतील चार-पाच जोड्या निव्वळ योगायोगानेही ‘लक्षणीय’ दिसू शकतात.

विश्वासार्ह अभ्यासासाठी सलग किमान एका सौरचक्राच्या दैनंदिन रुग्णनोंदी, जवळच्या वेधशाळेचा निर्देशांक, तापमान, हवेचे प्रदूषण तसेच आठवड्याचे वार व सणांच्या सुट्ट्या यांची एकत्रित मांडणी आवश्यक असते. कोणता आजार आणि कोणता कालावधी तपासायचा, हेही आकडेवारी पाहण्यापूर्वी ठरवावे लागते.

संभाव्य जैविक यंत्रणा

पृथ्वीचे क्षेत्र जाणण्याची क्षमता सजीवांत असते, यात शंका नाही. युरोपीय रॉबिनसारखे स्थलांतरी पक्षी दिशा ठरवण्यासाठी या क्षेत्राचा उपयोग करतात, हे प्रयोगांनी दाखवले गेले आहे. इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे उजनी जलाशयाच्या काठी हिवाळ्यात हजारो स्थलांतरी पक्षी येतात. दीर्घ पल्ल्याच्या अशा प्रवासात सूर्य, तारे, भूभागाच्या खुणा आणि चुंबकीय क्षेत्र अशा अनेक साधनांचा वापर पक्षी करत असल्याचे मानले जाते. डोळ्यांतील क्रिप्टोक्रोम हे प्रथिन यामागे असावे, असा एक प्रमुख सिद्धांत आहे.

मानवाच्या बाबतीत पुरावा मर्यादित आहे. इ.स. १९९२ मध्ये जोसेफ किर्शविंक आणि सहकाऱ्यांनी मानवी मेंदूच्या ऊतींत मॅग्नेटाइटचे सूक्ष्म स्फटिक असल्याचे दाखवले. इ.स. २०१६ मधील एका अभ्यासात मेंदूतील मॅग्नेटाइटचे काही कण हवेच्या प्रदूषणातून आल्याचे सूचित झाले. इ.स. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत ३४ प्रौढांवर प्रयोग झाला. पृथ्वीइतक्याच तीव्रतेच्या क्षेत्राची दिशा बदलल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूतील अल्फा तरंगांत घट नोंदवली गेली. त्यांना हा बदल जाणवला मात्र नाही. मेंदूने प्रतिसाद देणे आणि आरोग्य बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्तातील लोहाविषयीचा गैरसमज

रक्तात लोह असल्याने ते चुंबकाकडे ओढले जाते, हा समज सर्वत्र आढळतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातील बहुतांश हिमोग्लोबिनमध्ये असते. हे लोह खिळ्यातील लोखंडासारखे धातुरूपात नसून रासायनिक बंधांनी बांधलेले असते. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन चुंबकापासून अत्यल्प प्रमाणात दूर सारले जाते, तर प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन अत्यल्प प्रमाणात आकर्षित होते. तीन टेस्लाच्या एमआरआय यंत्रातही रक्त एका बाजूला साचत नाही.

दक्षिणेकडे पाय करून, म्हणजे उत्तरेकडे डोके ठेवून झोपू नये, ही महाराष्ट्रातील रूढी याच संदर्भात अनेकदा सांगितली जाते. या रूढीचा पारंपरिक आधार दक्षिण ही यमाची दिशा असल्याच्या श्रद्धेत आहे. रक्तातील लोह आणि चुंबकीय ध्रुव यांचे स्पष्टीकरण तिला नंतर जोडले गेले असून वर दिलेल्या कारणांमुळे ते टिकत नाही.

मोरगाव आणि ध्रुवपालट

ध्रुवपालटाच्या काळात क्षेत्र बरेच क्षीण होते आणि त्यामुळे मानवजात नष्ट होईल, अशी भीती अधूनमधून व्यक्त केली जाते. या प्रश्नाबाबत बारामती तालुक्यातील पुरावा उद्‌बोधक आहे. कऱ्हा नदीकाठचे मोरगाव अष्टविनायकांपैकी मयूरेश्वरामुळे प्रसिद्ध आहे. तेथे आदिपुराश्मयुगीन ॲश्युलियन प्रकारची दगडी हत्यारे सापडली असून पुण्यातील डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्र, सुषमा देव, शरद राजगुरू आदी अभ्यासकांनी इ.स. २००० नंतर तेथे उत्खनन केले. सतीश सांगोडे व सहकाऱ्यांनी इ.स. २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुराचुंबकीय अभ्यासात येथील गाळाच्या थरांत उलट ध्रुवता नोंदवली गेली. याचा अर्थ हे थर शेवटच्या ध्रुवपालटापूर्वीचे असावेत. येथील ज्वालामुखीय राखेच्या वयाबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

हा कालनिर्णय ग्राह्य धरल्यास, आजची चुंबकसूची ज्या काळात दक्षिणेकडे वळली असती, त्या काळात कऱ्हेच्या काठी माणसाचे पूर्वज हत्यारे घडवत होते. त्यानंतर ध्रुव पालटले आणि मानवकुल टिकून राहिले. याहून फार जुना पुरावा दख्खनच्या बेसाल्टमध्ये आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचा मोठा भाग उलट ध्रुवतेच्या कालखंडात थिजला. डायनासोरांचा ऱ्हास याच कालखंडात झाला. मात्र तो ध्रुवपालटाच्या क्षणी नव्हे, तर त्या कालखंडाच्या मध्यात घडला. त्याची कारणे उल्कापात व ज्वालामुखी यांत शोधली जातात. एखादी प्रजाती टिकली म्हणजे व्यक्तींच्या आरोग्यावर काहीच परिणाम झाला नाही, असे मात्र या पुराव्यावरून म्हणता येत नाही.

अप्रत्यक्ष परिणाम

भूचुंबकीय वादळांचा निश्चितपणे ज्ञात असलेला उपद्रव तांत्रिक यंत्रणांना होतो. मार्च १९८९ मधील वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोकांचा वीजपुरवठा जवळपास नऊ तास खंडित झाला. १० व ११ मे २०२४ रोजीच्या वादळात लडाखमधील हानले येथून तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. अशा घटनांत वीज, उपग्रह संदेशवहन आणि दिशादर्शन यांवर परिणाम होऊ शकतो आणि रुग्णालये, रुग्णवाहिका व औषधांची शीतसाखळी यांच्यामार्फत तो आरोग्यापर्यंत पोहोचू शकतो. महाराष्ट्र कमी चुंबकीय अक्षांशावर असल्यामुळे जमिनीतून वीजवाहिन्यांत येणारे प्रवाह उच्च अक्षांशांच्या तुलनेत सहसा कमी असतात. वैश्विक किरणांपासून मिळणारे चुंबकीय संरक्षणही भारतीय उपखंडात अधिक प्रभावी आहे. अंतराळवीर आणि ध्रुवीय मार्गांवरील विमान कर्मचारी यांच्यासाठी किरणोत्साराचा धोका तुलनेने अधिक असतो.

चुंबकचिकित्सा आणि खबरदारी

भूचुंबकीय क्षेत्र क्षीण झाल्याने आजार होतात आणि चुंबक लावल्याने ती उणीव भरून निघते, असा दावा करून पट्टे, गाद्या, बांगड्या आणि माळा विकल्या जातात. वेदनांवर स्थिर चुंबकांचा उपयोग होतो का, याचा चाचण्यांवर आधारित आढावा मॅक्स पिटलर, एलिझाबेथ ब्राउन आणि एडझार्ड अर्न्स्ट यांनी इ.स. २००७ मध्ये घेतला. त्यात चुंबकांचा वेदनाशमनासाठी लक्षणीय उपयोग दिसून आला नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मधुमेह, पक्षाघात, रक्तदाब, हृदयविकार इत्यादी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर निर्बंध आहेत.

हृदयात पेसमेकर बसवलेल्या रुग्णांनी पृथ्वीच्या क्षेत्रातील बदलांची चिंता करण्याचे कारण नाही. त्यांना खरा धोका जवळ ठेवलेल्या कृत्रिम चुंबकांपासून असतो. अनायनीकारक प्रारणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने इ.स. २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसामान्य व्यक्तींसाठी स्थिर चुंबकीय क्षेत्राची मर्यादा ४०० मिलीटेस्ला सांगितली आहे. शरीरात विद्युत उपकरण असलेल्यांसाठी मात्र ०.५ मिलीटेस्लापर्यंतच्या कमी मर्यादेचा विचार करावा, असे त्यात नमूद आहे. ही मर्यादा बारामती परिसरातील नैसर्गिक क्षेत्राच्या सुमारे बारा पट आहे. छातीवर घातलेली चुंबकीय माळ ती सहज ओलांडू शकते. एकाएकी तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे अथवा छातीत कळ येणे ही लक्षणे सौरवादळाच्या दिवशी दिसली तरी उपचार तेच असतात आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने इ.स. २००२ मध्ये स्थिर चुंबकीय क्षेत्रांचा समावेश गट ३ मध्ये केला. मानवात कर्करोग होण्याच्या दृष्टीने वर्गीकरण करता येईल इतका पुरावा नाही, असा या गटाचा अर्थ आहे. वीजवाहिन्यांभोवती आढळणारी अत्यल्प वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे गट २ब मध्ये, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात आहेत. पृथ्वीचे नैसर्गिक क्षेत्र आणि वीजवाहिन्यांचे क्षेत्र यांची गल्लत केल्याने या वर्गीकरणाचा चुकीचा अर्थ लावला जातो.

हे सुद्धा पहा

कुलाबा वेधशाळा
भारतीय भूचुंबकत्व संस्था
दख्खनचे पठार
मोरगाव
उजनी धरण
सौरवादळ